मांडीवर मावणारा टाइपरायटर

मी एक जुना, पातळ अंगाचा टाइपरायटर आहे. नागपुरात इंदोरा वस्तीतल्या एका घरात लोखंडी पलंगाखाली पत्र्याच्या पेटीत पडून असतो. मित्रांनो, तुम्ही टाइपरायटर पाहिला असेल तो कचेरीतला, काळा, जड, टेबलावर एकदा बसवला की वर्षानुवर्षं न हलणारा. मी तसा नाही. झाकण लावून मूठ धरली की मला एका हातात घेऊन बसमध्ये चढता येतं. आता अंगात फारसं त्राण उरलेलं नाही. तरी चारुशीलाची आणि तिच्या बाबांची गोष्ट सांगायची राहिली आहे, ती सांगून टाकतो.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला, बासष्ट साली. मला घडवणाऱ्यांनी पत्रा पातळ घेतला, अक्षरांच्या दांड्या बारीक केल्या आणि कागद गुंडाळायचा रोलर आखूड ठेवला. फिरतीवरच्या माणसाच्या हाताला मी जड होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती. तिथून आगगाडीनं मी नागपूरला आलो, एका बियाण्यांच्या कचेरीत. तिथले मधुकरराव साहेब गावोगाव हिंडत. पहिल्या वर्षी त्यांनी माझं फार कौतुक केलं. डाकबंगल्याच्या ओट्यावर, बैलगाडीत, एकदा तर धानाच्या बांधावर बसून त्यांनी माझ्यावर अहवाल लिहिला. पाहुण्यांना ते मला एका बोटावर उचलून दाखवत.

मग माझे दोष दिसू लागले. कार्बन लावून तीन प्रती काढल्या की तिसरी धुरकट येई, चौथी वाचताच येत नसे. सरकारी लांबरुंद कागद माझ्या आखूड रोलरवर बसत नसे. जोरात टाइप केलं की मी टेबलावरून हळूहळू सरकत जाई आणि साहेबांना मला परत ओढून घ्यावं लागे. शेवटी एक दिवस त्यांनी मला कपाटात ठेवलं. शेजारच्या खोलीत जड मशीन दिवसभर खडखडत असे आणि तिच्या एका ठोक्यात सात-सात प्रती निघत. कपाटातल्या अंधारात मी तो आवाज ऐकत बसे. मला तिचा हेवा वाटे, हे लपवून काय करू?

त्या जड मशीनीवर चारुशीला रामटेके बसत असे. इंदोऱ्यातल्या तिच्या गल्लीत मॅट्रिक झालेली ती पहिली मुलगी. अंगानं बारीक, बोलणं कमी. कार्बनची डबी घ्यायला ती कपाटाशी येई तेव्हा माझ्या झाकणावरची धूळ पदरानं पुसून जाई. एक दिवस तिनं साहेबांना विचारलं, लघुलिपी-टायपिंगच्या परीक्षेचा सराव करायला हा मिळेल का. साहेब म्हणाले, "घेऊन जा, इथं तरी त्याला कोण विचारतं." असा मी तिच्या घरी आलो.

घरी तिचे आईबाप होते, बायजाबाई आणि देवराव. देवराव गिरणीतून निवृत्त झालेले. तरुणपणी गिरणीच्या यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली होती. तेव्हापासून उजव्या हातात नुसता अंगठा राहिला. डाव्या हातानं सही करायलाही त्यांना घाम फुटे. पण त्यांचा गळा मात्र असा होता की गल्लीच्या एका टोकाला गाणं सुरू झालं की दुसऱ्या टोकाच्या बाया सूप खाली ठेवून ऐकत. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी स्वतः गाणी रचायला सुरुवात केली. शाळेची गाणी, बाबासाहेबांची गाणी, गिरणीतल्या बायांची गाणी. त्यांतलं एकही कधी कागदावर उतरलं नव्हतं. सगळं गळ्यात. त्यांचा सोबती चंद्रभान ढोलकी वाजवी आणि मागून सूर धरी.

चारुशीला कचेरीतून येऊन माझ्यावर सराव करायची आणि देवराव बाहेर ओट्यावर गुणगुणायचे. ते दिवस मला आवडत.

चौऱ्याहत्तर साली त्यांचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून ओवा झाला, हळद झाली, काढे झाले. मग गिळताना दुखू लागलं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की गळ्यात वाईट गाठ आहे, जीव वाचवायचा असेल तर स्वरयंत्र काढावं लागेल. चारुशीलानं विचारलं, "मग बोलता येईल?" डॉक्टर म्हणाले, "नाही." देवराव तिथंच बसलेले होते. त्यांनी मान हलवून होकार दिला.

ऑपरेशननंतर गळ्यातल्या श्वासाच्या भोकावर पांढरी जाळी बांधलेला तो माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. चारुशीलानं पाटी आणून दिली. डाव्या हातानं त्यांनी काहीतरी ओढलं, ते तिला वाचता आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा ओढलं, तेही वाचता आलं नाही. तेव्हा त्यांनी पाटी पलंगाखाली टाकून दिली आणि पुन्हा हात लावला नाही. त्यांना पाणी हवं होतं की उशी, कुणालाच कळत नव्हतं. बायजाबाई पायाशी बसून नुसत्या पाय चेपायच्या.

दुसऱ्या दिवशी चारुशीला मला दवाखान्यात घेऊन आली. तिनं त्यांना उशाला टेकून बसवलं, मांडीवर माझी पेटी आडवी ठेवली आणि पेटीवर मला ठेवलं.

"बाबा, याले एकच बोट लागते," ती म्हणाली. "एक त आहे न तुमच्यापाशी."

देवरावांनी तिच्याकडे रागानं पाहिलं. मग बऱ्याच वेळानं डाव्या हाताची तर्जनी उचलली आणि अक्षरं शोधत शोधत एक शब्द उमटवला. तो अर्धवटच आला. आम्हा देवनागरी टाइपरायटरांत पुष्कळ अक्षरं अर्धी असतात, काना मारला की ती पुरी होतात. देवरावांना वाटलं की मशीन बिघडलेली आहे. ते मला ढकलू लागले.

"बिघडलं नाही गा बाबा. अर्ध्याले काना द्या, पुरं होते."

त्यांनी दिला. कागदावर शब्द आला, 'चहा'. ऑपरेशननंतर त्यांनी जगाला सांगितलेलं ते पहिलं काम. बायजाबाईंना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी कागद हातात घेऊन खूप वेळ पाहिला आणि मग चहा आणायला गेल्या. डॉक्टरांनी चहा प्यायला अजून बंदी घातली होती. त्यावरून देवरावांचं आणि नर्सबाईंचं जे भांडण झालं, तेही माझ्यावरच झालं.

मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या हलकेपणाचं मोल कळलं. ती सात प्रती काढणारी मशीन कुठल्या आजारी माणसाच्या मांडीवर बसली असती? तिच्या भारानं त्यांचे पाय मोडले असते.

घरी परतल्यावर देवराव दिवसभर माझ्याशी बसू लागले. ओळीचं टोक जवळ आलं की माझ्यात एक लहानशी घंटा वाजते. ती त्यांना सापडली. आता कुणाला हाक मारायची झाली की ते रोलर सरकवून घंटा वाजवत. भाजीत मीठ जास्त झालं, घंटा. खिडकी लावा, घंटा. शेजारीण म्हणाली, "आवाज होता तवा एवढे बोलत नव्हते हे."

पण त्यांचं बोट गिरणी कामगाराचं होतं. राग आला की ते एकेका अक्षरावर हातोडा मारावा तसं मारत. माझ्या बारीक दांड्यांना ते कसं सोसणार? एके दिवशी 'म'ची दांडी वाकली आणि वर जाऊन तिथंच अडकली. चारुशीला मला सीताबर्डीवर शरच्चंद्र मिस्त्रीकडे घेऊन गेली. त्यांनी दांडी सरळ केली आणि सांगितलं, "ताई, हे मशीन अशा वापरासाठी नाही. जड घ्या. त्याले कुदळीसारखं मारलं तरी चालते."

"जड मशीन माणसाच्या मांडीवर ठेवता येते का, भाऊ?"

शरच्चंद्रांनी माझ्या सगळ्या दांड्यांना तेल दिलं आणि मला परत केलं.

घरी येऊन चारुशीलानं बाबांचं बोट आपल्या हातात घेतलं आणि माझ्या कळीवर अलगद ठेवून दाखवलं. "असं. झोपलेल्या लेकराच्या गालाले हात लावता तसं." देवराव आयुष्यभर माग आणि माणसं, दोघांशीही जोरातच वागलेले. त्यांना हळू मारायला शिकायला उन्हाळाभर लागला. पण शिकले.

त्याच उन्हाळ्यात चारुशीला परीक्षा पास झाली. अमरावतीच्या सरकारी कचेरीत स्टेनोच्या जागेवर तिची नेमणूक आली. तिनं घरात सांगितलं आणि त्याच दमात म्हणाली, "मी नाही जाऊन राहिली." बायजाबाईंना दिसायला कमी झालं होतं. देवरावांच्या गळ्याची जाळी रोज बदलायची असे. तिचा थोरला भाऊ भैय्याजी खापरखेड्याला वीज केंद्रात नोकरीला होता, तिथल्या वसाहतीत बायकामुलांसोबत राहत होता. महिन्यातून एखाद्या रविवारी येऊन जाई.

अशाच एका रविवारी तो केळी घेऊन आला. बापाजवळ बसला, तब्येत विचारली आणि म्हणाला, "चारू आहे न इथं, मले काही फिकीर नाही."

चारुशीला आत चहा करत होती. देवरावांनी मला मांडीवर ओढून घेतलं. बोट अक्षरं शोधू लागलं. भैय्याजी मान वाकवून पाहत होता. कागदावर उमटलं, 'तिले जाऊ दे. आमाले तू ने.'

भैय्याजीनं ते वाचलं आणि केळ्याचं साल सोलत राहिला. मग म्हणाला, "क्वार्टर लहान आहे, बाबा. दोनच खोल्या. त्यात लेकरं."

देवरावांनी घंटा वाजवली. भैय्याजीनं वर पाहिलं. ते पुन्हा टाइप करू लागले, अगदी हळू, 'मी बी आता लहान झालो.'

"काय लिवलं गा?" बायजाबाईंनी विचारलं. कुणी वाचून दाखवलं नाही. चारुशीला कपबशा घेऊन दारात उभी होती. तिला तिथून कागद दिसत होता, आणि ती जागची हलली नाही. भैय्याजी मोठा धिप्पाड माणूस. त्यानं सोललेलं केळं तसंच ताटलीत ठेवलं, रुमालानं हात पुसले, मग तोच रुमाल डोळ्यांना लावला.

"माय, बांधाबांध करा," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी मी येतो."

असा मी खापरखेड्याला गेलो आणि चारुशीला अमरावतीला. निघताना तिनं मला उघडून माझ्या कळा एकेक करून पुसल्या. माझ्यावाचून तिचं काही अडणार नव्हतं, तिथं तिच्यासाठी जड मशीन ठेवलेली होती. पण पेटीची मूठ सोडायला तिला वेळ लागला.

वसाहतीत घरोघरी दगडी कोळशाच्या शेगड्या. माझ्या खालच्या बाजूला झाकण नाही, हीही वजन कमी करण्यासाठीच केलेली काटकसर. कोळशाची भुकटी आत शिरून दांड्यांना चिकटू लागली. अंग जड वाटायचं, अक्षरं उशिरा उठायची. भैय्याजी रविवारी जुन्या दाढीच्या ब्रशनं मला साफ करी. बापाशी त्याचं बोलणं कधीच फार नव्हतं, पण मला साफ करताना तो त्यांच्याजवळ तासभर बसे.

आणि तिथंच देवरावांनी गाणी उतरवायला घेतली. चंद्रभान बसनं येई. एकेक ओळ माझ्यावर उमटे. पण चाल कशी सांगणार? तेव्हा देवराव माझं पत्र्याचं झाकण उलटं करून त्यावर डाव्या तळव्यानं ठेका धरत आणि चंद्रभान गाऊन बघे. चुकलं की घंटा. जमलं की ते डोळे मिटत. चंद्रभान म्हणे, "देवा, गळा होता तवा तू मले एवढं शिकवलं नव्हतं."

एक गाणं मात्र चंद्रभाननंही आधी ऐकलेलं नव्हतं. चारुशीला पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा देवरावांनी ते रचलं होतं आणि लाजून कधी कुणासमोर गायलं नव्हतं.

'धर वं पोरी, पाटी धर,
तुह्या अक्षरात माह्यं घर.'

गाणी झाली तेव्हा चंद्रभानला वाटलं की दीक्षाभूमीवर लोक जमतात तेव्हा ती कागदावर छापून वाटावी. त्यासाठी स्टेन्सिल कापायला हवं होतं. स्टेन्सिल म्हणजे मेणाचा कागद, त्यावर अक्षराचा ठोका असा बसावा लागतो की कागद नेमका चिरला जावा. चारुशीला रजा घेऊन आली. तिनं आधी माझ्यावर करून पाहिलं. मी सगळा जीव एकवटला. पण माझ्या बारीक दांड्यांनी मेणावर नुसत्या खुणा पडल्या, कागद चिरला नाही. छपाईत अर्धी अक्षरं आलीच नसती.

तिनं तो कागद काढला आणि सीताबर्डीच्या टायपिंगच्या क्लासात गेली. तिथल्या जड मशीनीवर तिनं सगळी गाणी पुन्हा केली. म्हणजे ती गाणी जन्मली माझ्यावर आणि लोकांपर्यंत गेली त्या दुसरीच्या बळावर. मला वाईट वाटलं. पण खरं आहे ते सांगायलाच हवं, हे माझ्याच्यानं होणारं काम नव्हतं.

दसऱ्याच्या दिवशी दीक्षाभूमीवर नेहमीसारखीच माणसं लोटली होती. पांढरे कपडे, पुस्तकांची दुकानं, झाडाखाली उतरलेली कुटुंबं. मैदानाच्या कडेला चंद्रभाननं चटई टाकली. देवराव खुर्चीवर, मी त्यांच्या मांडीवर. कुणी येऊन काही विचारलं तर उत्तर द्यायला मी लागत होतो. कागद वाटले गेले. चंद्रभाननं 'धर वं पोरी' सुरू केलं आणि दुसऱ्या कडव्याला भंडाऱ्याकडून आलेल्या चारपाच बाया कागद बघत त्याच्या मागे गाऊ लागल्या. मग आणखी बाया आल्या. देवरावांचा तळवा माझ्या झाकणावर ठेका धरून होता. चारुशीला त्यांच्या खुर्चीमागे उभी होती. हे गाणं कुणासाठी रचलेलं, ते चंद्रभाननं तिला सकाळीच सांगितलं होतं. ती गायली नाही. नुसती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

घरी जाताना बसमध्ये ती म्हणाली, "बाबा, मले आधी काहून नाही सांगितलं?"

देवरावांनी मला उघडायची खूण केली. पण बस हलत होती, बोट कळीवर ठरत नव्हतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि झाकण लावून टाकलं.

त्या हिवाळ्यात देवराव गेले.

चारुशीलाची पुढं नागपूरला बदली झाली. बायजाबाई तिच्याजवळ आल्या, आणि तिनं मला भैय्याजीकडून मागून आणलं. धंतोलीच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला एकदा विचारलं, आणखी एक पेशंट आहे, मौदा गावचा, त्याचंही स्वरयंत्र काढलं, तुमचं ते मशीन मिळेल का. ती घेऊन गेली. मग दुसरा आला, मग तिसरा. कचेरी सुटली की ती मला उचलून वॉर्डात जायची, एका बोटानं कसं चालवायचं ते दाखवायची, 'अर्ध्याले काना द्या' म्हणायची. कुणी हळू वापरलं, कुणी आपटलं. एकानं रागाच्या भरात मला पलंगावरून खाली पाडलं, त्याचा डावीकडचा पोचा अजून आहे. मला त्याचा राग नाही. त्या माणसाला आपल्या नातवंडांना हाक मारायची होती.

आणि चारुशीलाही तशीच उचलली जात होती. भैय्याजीची मुलं कॉलेजासाठी तिच्याकडे राहिली. गावाकडून कुणी दवाखान्याला आलं की "चारूताईकडे उतरा." कुणाचा अर्ज, कुणाचं बाळंतपण. लग्नाचं कुणी विचारलं नाही, आणि पुढं तिनंही विषय काढला नाही. ती तक्रार करत नसे, म्हणून कुणाला वाटतच नसे की तिला भार होत असेल.

पंच्याऐंशीच्या सुमारास माझी कमान तुटली, म्हणजे रोलरला ओढणारी स्प्रिंग. चारुशीला मला पिशवीत घालून शरच्चंद्र मिस्त्रीकडे घेऊन गेली. ते आता म्हातारे झाले होते. त्यांनी मला उलटं करून आत बराच वेळ पाहिलं.

"ताई, याचे पार्ट आता येत नाहीत. जोडून देतो, पण सगळं अंग झिजलं आहे याचं. आता याले काम देऊ नका. खूप केलं यानं."

चारुशीला हसली. थकलेलं हसू होतं ते.

"असं मले कोणी सांगत नाही न, भाऊ."

ती ते सहज बोलून गेली होती. पण शरच्चंद्रांचा हात थांबला. त्यांनी पेचकस खाली ठेवला, दुकानातलं एकमेव स्टूल पुढं सरकवला आणि म्हणाले, "बसा ताई. चहा सांगतो." ती म्हणाली की घाई आहे, आई एकटी आहे, पाहुणे यायचे आहेत. ते म्हणाले, "येऊ द्या. थांबतील." ती बसली. खांद्यावरची पिशवी तिनं खाली ठेवली. चहा आला, तो तिनं गरम असताना प्यायला. मग तशीच रस्त्याकडे पाहत ती बराच वेळ बसून राहिली. शरच्चंद्रांनीही तिला उठवलं नाही.

मित्रांनो, मी हलका होतो म्हणून आजारी माणसांच्या मांडीवर बसू शकलो, ते जड मशीनीच्या नशिबी नव्हतं. आणि हलका होतो म्हणूनच मोडलो, हेही तितकंच खरं. जड वस्तू हलवायची तर माणूस आधी विचार करतो, दोघांना बोलावतो, जागा करतो. हलक्या वस्तूचं तसं नसतं, ती मूठ धरून कुणीही उचलून नेतो. तुमच्या घरातही असं चटकन उचललं जाणारं काहीतरी असेल, एखादी वस्तू असेल, एखादी आत्या असेल. तिला कामाला लावा, त्यात वाईट काही नाही. कामाविना पडून राहणं काय असतं, ते मी त्या कपाटात भोगलं आहे. पण तिच्या अंगाला काय झेपतं ते आधी पाहा, तिची धूळ पुसा, आणि तिला विचारून मग उचला.